४३ फूट म्हणजे आमच्या दारात किती?

जुलै लागला की आमच्या शिरोळ तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुराचा तोच मेसेज फिरतो. राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाचं अमुक नंबरचं दार उघडलं, एका दारातून १४२८ क्युसेक. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. चौथीतल्या पोरालाही हे आकडे पाठ आहेत. आणि आमची आज्जी दरवर्षी एकच विचारते, "ते फूट ऱ्हाऊ दे बाबा. मारुतीच्या पायरीला लागलं का न्हाई ते सांग."

पूर्वी मी हसायचो. आता वाटतं, तालुक्यात सगळ्यात शहाणा प्रश्न तोच आहे.

राजाराम बंधारा पंचगंगेवर, कोल्हापूरच्या कसबा बावड्याला. आमचं गाव तिथनं कितीतरी खाली, कृष्णेच्या अंगाला. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा भरून आली की पंचगंगेला पुढं सरकायला जागाच राहत नाही, पाणी मागं फुगतं. कोल्हापूरला बंधारा दोन इंच उतरला म्हणून टीव्हीवर 'पुराला उतार' सुरू होतं, त्याच रात्री आमच्याकडं फूग चढत असते. म्हणजे मेसेज खोटा नसतो, फक्त आमच्यासाठी नसतो. उलट नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, दत्ताच्या पादुकांवरून पाणी दक्षिण दारानं बाहेर पडलं, एवढं कानावर आलं की आसपासच्या गावांतला माणूस उठून वैरण हलवायला लागतो. त्याला इंच सांगावे लागत नाहीत.

२०१९ ला काय झालं ते आमच्या काकांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. "२००५ ला उंबऱ्याला टेकून माघारी गेलं, यंदा कुठं जातंय?" या एका वाक्यावर अख्खी गल्ली बसून राहिली. सामान माळ्यावर टाकलं, की झाली तयारी. कोल्हापूरला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुण्या-बंगळूरचा हायवे शिरोलीजवळ बंद पडला, आणि काका दोन म्हशींपायी दारात अडकले. शेवटी गुऱ्हाळातली काईल आणली पोरांनी. हो, गूळ शिजवायची काईल. आमच्या भागात पुरातली नाव म्हणजे बऱ्याचदा तीच असते. काका आणि काकू निघाले, एक म्हैस गेली.

त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. बोट ग्रामपंचायतीची, माणसं क्षमतेपेक्षा जास्त. त्या गर्दीत गावकऱ्यांची चूक शोधणाऱ्यांचा मला अजून राग येतो. पाणी छातीला लागल्यावर रांग लावून कोण चढतंय बोटीत?

२०२१ ला कोल्हापूरला पाणी ५६ फुटांच्या वर गेलं, २०१९ पेक्षाही जास्त. पण आमचं गाव पाणी यायच्या आदल्या दिवशीच रिकामं झालं होतं. मधल्या काळात काही मोठं झालं नव्हतं. तरुण मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून विजेच्या खांबांवर ऑइलपेंटचे पट्टे ओढले होते, एवढंच. शाळेपुढच्या खांबाच्या पिवळ्या पट्ट्याला पाणी लागलं की जनावरं काढायची, लाल पट्ट्याला लागलं की माणसं. कुठल्या गल्लीला कधी निघायचं ते नाव चालवणाऱ्या आंबी समाजातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवलं, कारण पाणी कुठल्या वगळीनं, म्हणजे ओघळीनं, आधी शिरतं ते त्यांना ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे काम वर्गणीवर का चालावं?

सरकार काहीच करत नाही असं म्हणायचं नाही मला. जागतिक बँकेच्या मदतीनं सुमारे ३२०० कोटींचा प्रकल्प कृष्णा खोऱ्यासाठी आलाय, पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायचं म्हणतात. होऊ दे, चांगलंच आहे. आपदा मित्र योजनेत देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं, बारा दिवसांचं प्रशिक्षण. तेही चांगलं. पण शिकून आलेल्या पोरानं गावात येऊन बघावं तर बोट देवळामागं पालथी पडलेली, इंजिन गंजलेलं आणि डिझेलला पैसे कुठल्या खात्यातनं घालायचे ते ग्रामसेवकाला माहीत नाही.

पंधराव्या वित्त आयोगानं आपत्तीसाठीच्या राज्याच्या निधीतले शंभरातले ८० रुपये आपत्ती आल्यावरच्या मदतीला ठेवले आणि २० धोका आधी कमी करायला. निदान २० तरी ठेवले, आधी एवढंही वेगळं नव्हतं. त्या २० मधले चार आणे थेट पूरपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना दरवर्षी एप्रिलमध्ये मिळावेत. त्यातनं बोटीची दुरुस्ती, लाइफ जॅकेट, भोंगा आणि खांबांचे पट्टे व्हावेत. आणि सगळ्यात आधी माळावर जनावरांसाठी पक्की शेड आणि वैरण. माणूस हट्टानं घरात बसत नाही हो, गोठ्यासाठी बसतो. म्हशीची सोय करा, मालक आपोआप निघतो. नाहीतर २०१९ सारखं होतं, बुडाल्यावरच मदत. फुकट गहू-तांदूळ द्यायचे तर भाग दोन दिवसांपेक्षा जास्त बुडालेला हवा, अशी अट शासन निर्णयात होती. तेव्हा आमच्याकडं लोक हसावं की रडावं अशा अवस्थेत ती अट एकमेकांना वाचून दाखवत होते.

अलमट्टीचा विषय कमेंटमध्ये येणार, ठाऊक आहे. कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण ते, त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पूर वाढतो असं म्हणतात. उंची ५१९ मीटरवरून ५२४ ला नेऊ नये असंच माझंही मत. ती लढाई लढायलाच हवी. पण दरवर्षी सगळी ताकद तिथंच जाते आणि पालथी बोट पालथीच राहते.

जनजागृती म्हणून तालुक्याला फ्लेक्स लागतात, 'पूर परिस्थितीत घाबरून जाऊ नका'. घाबरत कुणीच नाही. कधी निघायचं, कुठल्या रस्त्यानं, म्हैस कुठं बांधायची, तेवढं गावागावात मे महिन्यात एकदा करून दाखवा. एका रविवारचं काम आहे.

आमच्या खांबांवरचे पट्टे आता पार उडालेत. येत्या रविवारी सकाळी सातला शाळेपुढं जमतोय. पिवळा आणि लाल रंग आणलाय, ब्रश ज्यानं त्यानं आणा. ज्यांच्याकडं २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर होतं ते कळेल असे फोटो आहेत त्यांनी पाठवा, गल्लीचं नाव लिहून. वरच्या आळीचा एकही फोटो अजून मिळालेला नाही.