चालत्या गाडीची दारे आपोआप लॉक होऊ नयेत

आज संध्याकाळी सर्व्हिसिंग झालेली गाडी घेऊन घरी येत होतो. बाबा मागच्या सीटवर बसले होते. गाडीने थोडा वेग घेतला आणि चारही दारांतून एकदम 'खट्' असा आवाज आला. मी आरशात पाहिले, तर बाबांचा हात दाराच्या हँडलवर गेला होता. ते काही बोलले नाहीत, त्यांनी हँडल ओढलेही नाही. घर येईपर्यंत नुसता हात तिथे ठेवून बसून राहिले. दोन वर्षांपूर्वी मी बंद करून ठेवलेले ऑटो लॉक बॅटरी बदलताना म्हणा किंवा सॉफ्टवेअर अपडेट करताना म्हणा, पुन्हा सुरू झाले होते आणि ते मला सांगण्याची तसदी कुणीही घेतली नव्हती. फोन करून विचारले, तर उत्तर मिळाले, "सर, ते सेफ्टीसाठीच असतं, राहू द्या." या 'राहू द्या'मुळे मी हे लिहायला बसलो आहे.

ज्या प्रसंगामुळे मी ते बंद केले, तो तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक दाबला, मीही दाबला, पण माझी गाडी तिच्यावर जाऊन आदळलीच. वेग फार नव्हता, एअरबॅग उघडल्या नाहीत, कुणाला खरचटलेही नाही. मात्र बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर येऊ लागला. मी पट्टा सोडला, दार उघडले आणि बाहेर पडलो. माझ्या गाडीत चालकाने आतून हँडल ओढले की तेवढेच एक दार उघडते, बाकीची तीन लॉकच राहतात. मागे बाबा हँडल ओढत होते, आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. दार उघडत नव्हते, कारण मुलगा लहान असताना लावलेले चाइल्ड लॉक मी काढलेच नव्हते; मुलगा कॉलेजात गेला तरी ते तसेच होते. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. पण रस्त्यावरचा एक माणूस धावत आला, त्याने बाहेरून हँडल धरले, आणि त्यालाही दार उघडता येईना. हा दोष चाइल्ड लॉकचा नव्हता. चाइल्ड लॉक फक्त आतले हँडल निकामी करते, बाहेरून दार नेहमीसारखे उघडते. बाहेरचे हँडल निकामी केले होते ते ऑटो लॉकने, आणि ते लॉक मी लावलेले नव्हते.

मी परत वळलो आणि माझ्या दारावरचे अनलॉकचे बटण दाबले. बाकीच्या दारांची लॉक सुटली, बाबांच्या दाराचे सुटले नाही, कारण तो भला माणूस नेमक्या त्याच क्षणी हँडल ओढून धरून होता आणि ओढलेल्या हँडलमुळे आतला खटका अडकला होता. "हात काढा, हात काढा" असे मी त्याच्यावर ओरडलो, पुन्हा बटण दाबले, तेव्हा कुठे दार उघडले. बाबांना हाताला धरून रस्त्याच्या कडेला नेले, तेव्हा त्यांची बोटे हँडल ओढून ओढून लाल झाली होती. तो धूर नव्हताच, रेडिएटर फुटून आलेली वाफ होती. पण हे आम्हाला नंतर कळले, त्या क्षणी आम्हा तिघांच्या डोळ्यांपुढे आगच होती.

आता मला सांगण्यात येते की धडकेनंतर दारे आपोआप अनलॉक होतात, त्यामुळे काळजीचे कारण नाही. ती सोय असते, हे मलाही ठाऊक आहे. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो ९४ क्रमांकाचा नियम आहे, त्यात आपोआप लॉक होणारी दारे धडकेनंतर अनलॉक झाली पाहिजेत अशी अटच आहे. पण ही सोय चालते कशी, ते पाहा. एअरबॅगचे नियंत्रण करणारा संगणक धडक पुरेशी मोठी आहे असे ठरवतो आणि मग दारांच्या मोटरला अनलॉकचा संदेश पाठवतो. धडक त्याच्या हिशेबात लहान असेल, तर संदेश जातच नाही. आमची धडक त्याच्या लेखी लहान होती. शिवाय संदेश गेला, तरी मोटर फिरायला वीज लागते, आणि अनेक गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली, म्हणजे नेमकी धडक बसते तिथेच असते. वायर तुटली किंवा बॅटरी चेपली, की दार आहे त्या अवस्थेत राहते. मग ती अवस्था आधीपासून 'अनलॉक' का असू नये, एवढेच माझे विचारणे आहे. जे लॉक झालेच नाही, ते उघडण्यासाठी कोणत्याही संगणकाची परवानगी लागत नाही.

लॉक असले म्हणजे दार जास्त घट्ट बसते, हा तर शुद्ध गैरसमज आहे आणि तो गाडीतले कळणारी माणसेही बाळगून असतात. दार धरून ठेवते ते लॅच, म्हणजे चौकटीवरच्या कडीला पकडणारा खटका. लॉक फक्त हँडलचा आणि त्या खटक्याचा संबंध तोडते. गाडी कोलांट्या खाताना बाहेरचे हँडल कशावर तरी आपटून दार उघडू शकते आणि लॉक असेल तर ती शक्यता कमी होते, हे मान्य करतो. पण त्या वेळी माणसाला गाडीत धरून ठेवणारी पहिली वस्तू सीटबेल्ट आहे, आणि जो मागच्या सीटवर बेल्ट लावत नाही त्याने मला लॉकचे महत्त्व सांगू नये.

काच फोडता येते, असेही कुणीतरी म्हणेलच. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बाजूच्या काचाही समोरच्या काचेसारख्या दोन थरांच्या, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेल्या असतात, आणि त्या छोट्या हातोडीने फुटत नाहीत. फुटणारी काच असली, तरी ज्यांना बाटलीचे झाकण उघडायला मदत लागते त्यांनी काच फोडून बाहेर यावे, ही अपेक्षा करणाऱ्यांचा मला संताप येतो.

सिग्नलला कुणी बाहेरून दार उघडून पर्स ओढून नेली तर काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. माझी बहीण रात्री उशिरा एकटी गाडी चालवते आणि ती ऑटो लॉक बंद करणार नाही. तिने करूही नये. मीही अनोळखी रस्त्याला लागलो की बटण दाबून दारे लॉक करतो. पण ते मी करतो, मला माहीत असते की मी ते केले आहे, आणि गर्दीत शिरलो की तेच बटण दाबून मी ते काढतो. लहान मुलांचेही तसेच आहे, त्यांच्यासाठी चाइल्ड लॉक आहेच. मूल गाडीत असताना ते लावावे, त्याने बाहेरच्या माणसाची वाट अडत नाही.

रागाच्या भरात बरेच लिहिले. ज्याने मला "राहू द्या" म्हटले तो मुलगा वाईट नव्हता, त्याला असेच शिकवले असणार. आपल्या घरी मागच्या सीटवर कोण बसते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आई बसते, सासरे बसतात, गुडघ्याचे ऑपरेशन झालेली आत्या बसते. म्हणून एवढे करा. गाडी उभी असताना मागे जाऊन बसा, पुढे बसलेल्या कुणाला तरी सगळी दारे लॉक करायला सांगा आणि आतून हँडल ओढा. काही गाड्यांत एकदा ओढल्यावर लॉक सुटते आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर दार उघडते, काहींत काचेजवळचा खुंटा वर करावा लागतो, आणि चाइल्ड लॉक लागलेले असेल तर कितीही ओढले तरी उघडत नाही. त्याची छोटी कळ मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसते. ऑटो लॉक बंद करण्याची सोय बहुधा स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये असते, काही गाड्यांत लॉकचे बटण थोडा वेळ दाबून धरावे लागते, काहींत सर्व्हिस सेंटरच्या संगणकावरूनच ते करता येते. आणि सर्व्हिसिंगहून गाडी आली की पुन्हा एकदा तपासा, हे मी आज शिकलो.

मघाशी साडेदहाला खाली जाऊन ते सेटिंग बंद केले. बाबाही मागोमाग चपला घालून आले. दोघांनी मिळून एक फेरी मारली, वेग घेतला, आवाज झाला नाही. परत आल्यावर मी उतरलो, पण बाबा मागेच बसून राहिले. त्यांनी आतून हँडल ओढून दार उघडले, लावून घेतले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. मग काच खाली करून मला म्हणाले, "आता तू बाहेरून उघड."