आयर्लंडने ‘फुकटचा टीव्ही’ बंद केला म्हणे!

‘आयर्लंडने २०१२ मध्ये अँटेनावरचा फुकटचा टीव्ही बंद केला, लोकांना नवे संच घ्यायला लावले, डिशवाल्यांचं उखळ पांढरं केलं आणि वर टीव्ही ठेवायचं वर्षाला १६० युरोंचं लायसन्सही लादलं.’ डब्लिनला निघालेल्या कुणी टीव्हीबद्दल विचारलं की मराठी ग्रुपवर हे ऐकवणारा एक तरी भेटतोच. यातलं साल तेवढं बरोबर आहे.

फुकटचा टीव्ही बंद झाला? २४ ऑक्टोबर २०१२ ला सकाळी दहा वाजता बंद झालं ते जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण. त्याच्या जागी येणारी डिजिटल सेवा, ‘सेअरव्ह्यू’, मे २०११ मध्येच रीतसर सुरू झाली होती. छपरावरचा अँटेना अनेकांचा तोच राहिला. आधी आरटीई या सार्वजनिक प्रसारकाच्या आरटीई वन आणि आरटीई टू, शिवाय टीव्ही थ्री आणि टीजी फोर, अशा मोजून चार वाहिन्या. सेअरव्ह्यूवर त्या चार होत्याच, शिवाय बातम्यांची, मुलांची आणि आरटीई वन तासाभराने दाखवणारीही. मासिक वर्गणी शून्य. नावातला ‘सेअर’ म्हणजे आयरिश भाषेत मोफत, मोकळं.

आपल्याला ही अफवा पटते ती मुंबईमुळे, असा माझा अंदाज. त्याच ऑक्टोबर २०१२ च्या ३१ तारखेला मुंबईत केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. पण ती पैसे मोजून घेतलेली केबल होती, अँटेना नव्हे.

नवा संच? गरज नव्हती. जुन्या डब्बा टीव्हीच्या मागे स्कार्टचं ते रुंद, चपटं भोक असलं की बॉक्स जोडून काम भागायचं. फसगत व्हायची ती वेगळीच. सेअरव्ह्यू एमपीईजी-४ वर, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीवर चालते, आणि ब्रिटनमधून आणलेले स्वस्त बॉक्स जुन्या एमपीईजी-२ वाले. जोडणी सगळी बरोबर, तरी चित्र नाही! मग ‘टीव्हीच बदलावा लागतो’ ही आवई उठायला कितीसा वेळ?

डिशवाल्यांसाठी केलं, हे तर अगदीच उलटं. अँटेनावर पैसे घेऊन वाहिन्या दाखवायची योजना खरोखरच होती. बॉक्सर, वनव्हिजन आणि ईझी टीव्ही अशा तीन कंपनीगटांशी एकामागोमाग बोलणी झाली आणि २०१० पर्यंत तिन्ही बारगळली. उरली ती फक्त मोफत सेवा. ज्या दोनेक टक्के लोकांपर्यंत अँटेनाचा सिग्नल पोचत नव्हता, त्यांच्यासाठी ‘सेअरसॅट’ ही उपग्रह सेवा काढली. तीही बिनवर्गणीची, पण डिशचा खर्च त्यांनाच आणि टीव्ही थ्री तिच्यावर नव्हतं. त्यांची कुरकुर रास्तच म्हणायची.

सरकारला यातून काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. टीव्हीने मोकळ्या केलेल्या ८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी नोव्हेंबर २०१२ मध्ये इतर पट्ट्यांसोबत मोबाइल कंपन्यांना लिलावात गेल्या. एकूण रक्कम साडेआठशे दशलक्ष युरोंच्या घरात. आरोप करायचाच तर इथे करा. मेसेजमध्ये नेमका हाच नाही.

राहिलं लायसन्स. ते १९६२ पासून आहे आणि १६० युरो हा दर २००८ चा, म्हणजे बदलाच्या चार वर्षं आधीचा. शिवाय ते सेअरव्ह्यूचं नाहीच, संचाचं आहे. डिशचे पैसे भरता म्हणून ते माफ होत नाही. वसुली टपाल खात्याकडे, अन् अँटेना न जोडताच टीव्ही कोपऱ्यात ठेवलात तरी ते भरावं लागतं.