कोकणात उपाशी कोण आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शाळेतल्या अंड्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "कोकणात कोणी उपाशी नाही. आम्ही पेज पिऊनच शिकलो. पूर्वी शाळेतून तांदूळ घरी मिळायचे, तेच बरं होतं. खिचडी देणं सरकारचं काम, ते त्यांना करू द्या. तुमचं मंडळ अंडी वाटून फोटो कशाला काढतं? आणि हिशेब कुठाय?" नाव लिहिलं नाहीत, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो.

फोटोबद्दल तुमचं बरोबर आहे. हातात अंडं धरून रांगेत उभी केलेली पोरं परत बघितली आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. काढून टाकलाय.

पेजेचं मात्र पटत नाही. पेज मीही प्यायलोय, पण तिच्यासोबत भाजलेला सुका बांगडा असायचा, घरचं भात होतं, परसात दोन माड होते. राजापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेचा पट आज ३४. त्यातली निम्मी मुलं चिरेखाणीवरची. आईबाप विजापूरकडून आलेले, पत्र्याच्या खोपीत राहतात, उजाडायच्या आत खाणीवर जातात. रात्रीची भाकरी उरली असेल तर पोर ती खाऊन येतं, नसेल तर तसंच. तुम्ही "कोकणात" लिहिलंत तेव्हा ही मुलं तुमच्या डोळ्यांपुढे नसणार. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी माझ्याही नव्हती.

तांदळाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा बऱ्याच राज्यांत ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य मिळायचं. ते घरच्या टोपात पडायचं आणि त्यात सगळं घर जेवायचं. त्यात गैर काही नाही, पण शाळेतल्या पोराच्या वाट्याला किती आलं ते कोण बघणार? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, ते म्हणून. ताटात वाढलेलं ज्याचं त्याच्या पोटात जातं.

आमची मोठी चूक तुम्ही पकडलीच नाहीत, तीही सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही 'गरजू' मुलांची यादी केली आणि अंडी तेवढ्यांनाच दिली. तिसऱ्या आठवड्यात खाणीवरची एक मुलगी अंड्याच्या वेळी विहिरीपाशी जाऊन बसायला लागली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, भूक नाही. भूक होती हो! यादीत नाव असणं तिला नको होतं. तेव्हापासून सरपंचांच्या नातवापासून सगळ्यांना एकाच पंगतीत देतो. खर्च वाढला, वाढू दे.

आता सरकारचं काम. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं योजनेचं माप आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे निम्मं तिथेच आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं; जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणून. तामिळनाडूत आठवड्याचे पाचही दिवस अंडं सरकारी खर्चाने मिळतं. तेव्हा हे काम सरकारचंच, यावर आपलं भांडण नाही. आमच्या गावाला मुंबईचे चाकरमानी आहेत, ते वर्गणी काढतात, त्यातून आमचं मंडळ मंगळवारी अंडं देतं. खाडीपलीकडच्या वाडीला तसं कोणी नाही, तिथली पोरं मंगळवारी नुसती खिचडी खातात. आमच्या दानाने ही विषमता मिटत नाही, उलट जास्त डोळ्यांवर येते. पण म्हणून पुढच्या मंगळवारी आमच्या ३४ जणांचं अंडंही बंद करावं, हे माझ्या गळी उतरत नाही.

हिशेब शाळेच्या फळ्याशेजारी महिन्याच्या महिन्याला लावतो, उद्या इथेही टाकतो. श्रावणात निम्म्या घरांतून अंडं नको असा निरोप आला, म्हणून सगळ्यांनाच केळी दिली. त्या महिन्याचा आकडा वेगळा दिसेल.