लुगड्याचा रंग आणि १२ दिवसांचा उशीर: ताईंच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. वास्तुशांतीला घर पाहुण्यांनी भरलेलं आणि ज्या भिंतीवर मी भरत असलेलं तुमच्या आजीचं भरतकामाचं चित्र लागणार होतं ती भिंत रिकामी, याचं मला फार वाईट वाटतं. मनापासून माफी मागते. अक्षय तृतीयेचा तो दिवस मी परत आणून देऊ शकत नाही.

तुम्ही दोन तारे दिलेत. काम १२ दिवस उशिरा मिळालं, सोबतच्या भिंतीवरच्या दोन दिव्यांपैकी एक डुगडुगतो, कापड फोटोत दिसलं त्यापेक्षा फिकं आहे आणि १४,५०० रुपये जास्त होतात, असं लिहिलंत. शेवटी एक वाक्य आहे, "गावाकडच्या कारागिरांना वेळेची किंमत नसते." बाकीचं मी ऐकून घेते, तो तुमचा हक्कच आहे. या वाक्याचं उत्तर मात्र मला सविस्तर द्यावं लागेल, कारण हे पान उघडणारा प्रत्येक माणूस आता तेच आधी वाचतो.

आधी दिवा. तिथे चूक माझी आहे. पितळी जाळी ज्या सागवानी पाटीवर बसवली आहे ती पाटी मी स्वतः रंधून, तेल पाजून केली, आणि भिंतीसाठी दोनच भोकं ठेवली. आमच्याकडे विटांच्या भिंती, दोन स्क्रूवर दिवा जन्मभर हलत नाही. तुमच्या इमारतीच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या आहेत, त्यात स्क्रू धरणारी साधी गिट्टी पकड घेत नाही, हे तुम्ही फोटो पाठवल्यावर लक्षात आलं. भिंत कशाची आहे हे मी ऑर्डर घेतानाच विचारायला हवं होतं. दोन्ही दिव्यांसाठी चार भोकांच्या नव्या पाट्या आणि लांब गिट्ट्या पाठवते. इलेक्ट्रिशियनचे पैसेही माझ्याकडे.

कापड अस्सल कोसा, म्हणजे टसर रेशीम आहे. याचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात, झाडाप्रमाणे, हंगामाप्रमाणे कोषाचा रंग बदलतो. कधी मधासारखा, कधी कोरड्या गवतासारखा. आमच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडे कोसा विणतात, मी तिथूनच कापड आणते. एकाच विणकराचे दोन ताणे कधी सारखे निघत नाहीत. मी त्याला रंग देत नाही, मुद्दाम देत नाही. आणि तुम्हाला पहिल्या कापडाचा फोटो गेला होता. दुसरं कापड का घ्यावं लागलं, ते पुढे येतंच.

आता उशीर.

२२ फेब्रुवारी २०२५ ला तुमचा पहिला फोन आला. आजोळचं कवेलूंचं, म्हणजे कौलारू घर, ओट्यावर बसलेली आजी, असं चित्र भरतकामात हवं, सोबत दोन दिवे. २६ तारखेला मी पेन्सिलीचं रेखाटन पाठवलं. १ मार्चला तुम्ही होकार आणि ५,००० रुपये आगाऊ दिलेत, मी ५० दिवस सांगितले. म्हणजे २० एप्रिल. ६ मार्चला तुम्ही म्हणालात, छपरीत बंगई, म्हणजे झोपाळा होता, तो राहिला. मी बंगई घातली, एक दिवसही वाढवून मागितला नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या कामाचा फोटो पाठवला. तोवर आजी पूर्ण झाली होती, लाल लुगडं, पदराला पिवळा काठ. तुम्ही लिहिलंत, "अगदी आजीच!" तो मेसेज मी माझ्यासोबत काम करणाऱ्या दोघी बायांना वाचून दाखवला होता.

पाडव्याच्या आदल्या रात्री, २९ मार्चला, अकरा वाजता तुमचा फोन. मावशी म्हणते, आई लाल नेसतच नव्हती, तिचं लुगडं हिरवं असायचं.

ताई, मला तेव्हाही राग आला नाही आणि आजही नाही. मावशीला जे आठवलं ते खरंच असणार, आणि आजी चुकीच्या लुगड्यात भिंतीवर लावायची नाही, हे मलाही पटलं. पण लुगड्याचा रंग बदलणं म्हणजे काय, ते बहुतेक तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आजी चित्रात चार इंच उंच आहे. तिचं लुगडं भरीव टाक्याने भरलंय, धाग्याच्या सहा पदरांतला एकच पदर सुईत घेऊन, टाक्याला टाका चिकटून. तेवढ्याला नऊ दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी गुढी उभारून झाल्यावर मी खिडकीशी बसले आणि पदराच्या टोकाचा इंचभर लाल धागा उसवून पाहिला. धागा निघाला, पण सुईची भोकं राहिली. सुती कापडावर पाण्याचा हात फिरवून नखाने घासलं की भोकं बुजतात. कोशाचं तसं नाही. उजेडासमोर धरलं तर चाळणीसारखं दिसत होतं. त्यावर हिरवं भरलं असतं तर जुन्या भोकांतून टाके सरकले असते आणि दोन वर्षांत पदर झोळ खाऊ लागला असता. तुम्हाला ते आज दिसलं नसतं. मला दिसलं असतं.

म्हणून मी ते कापड बाजूला ठेवलं आणि नव्या कापडावर पहिल्यापासून सुरुवात केली. घर, कवेलू, बंगई, आजी, सगळं. दुसरं कापड आणायला चार दिवस गेले. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं की दिवस वाढतील. तुम्ही म्हणालात, "चालेल, पण आजी आजीसारखी दिसली पाहिजे." किती दिवस वाढतील हे मी तेव्हाच लिहून द्यायला हवं होतं. ते दिलं नाही, ही माझी दुसरी चूक. दुसऱ्यांदा भरलेल्या कामाचा एक रुपयाही मी लावला नाही, बिल तुमच्याकडे आहे, बघून घ्या.

आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे दिवसभर बसून भरतकाम होत नाही. दुपारी पारा ४३-४४ वर जातो, तळव्याला घाम सुटतो आणि कोशावर घामाचा डाग पडला की जात नाही. पंखा लावला तर एकपदरी धागा उडतो. पहाटे पाच ते दहा, मग दिवे लागल्यावर, तेही वीज असेल तर. त्या २३ दिवसांत मी एका लग्नाला गेले नाही, सख्ख्या चुलतभावाच्या. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण वेळेची किंमत नाही असं कुणी लिहिलं की तोंडाशी येतंच.

२६ एप्रिलला पार्सल दिलं. तीन दिवसांत पोचेल म्हणाले, पोचलं २ मेला. नागपूरहून ट्रॅव्हल्सने पाठवलं असतं तर कदाचित २८ ला तुमच्या हातात असतं. ते सहा दिवस मी पार्सलवाल्याला रोज दोनदा फोन करत होते आणि तुम्हाला एकदाच केला, कारण सांगायला काही नव्हतं. तरीही करायला हवा होता.

पैशांचं थोडक्यात सांगते. प्रदर्शनात असं चित्र ३,००० ला मिळतं ते बहुधा मशीनवर भरलेलं असतं. वाईट नसतं, पण त्यात तुमची आजी नसते. १४,५०० मध्ये कोसा, धागा, सागवान, भंडाऱ्याहून आणलेलं पितळ, दोघींची मजुरी आणि माझे दोन महिने आहेत. मी चित्र काढते, भरते, लाकूड रंधते, दिव्याची तारही ओढते. गावात लोक विचारतात की तुझा धंदा नेमका कोणता. मला एका शब्दात सांगता येत नाही, पण घर यावरच चालतं. तुमचा अभिप्राय आल्यापासून दोन विचारणा थांबल्या आहेत. एकीने तर स्पष्ट लिहिलं, "वेळेत द्याल का?" भाताची रोवणी सुरू झाली की सोबतच्या दोघी शेतावर जातील, त्याआधी हातात काम हवं होतं. तारे वाढवा असं मी म्हणणार नाही. लाल लुगड्याची गोष्टही तुम्ही लिहावी, एवढंच वाटतं.

यापुढे बदल सांगितला की वाढीव दिवस लेखी कळवीन आणि पाठवणीचंही काहीतरी चांगलं बघते.

नव्या पाट्या येत्या आठवड्यात निघतील, पत्ता तोच ना, ते कळवा. पहिलं कापड अजून माझ्याकडेच आहे, लाल लुगड्यातली आजी, पदराचं टोक इंचभर उसवलेलं. दुसऱ्या कुणाला ते विकता येणार नाही आणि मला टाकवत नाही. मावशींना किंवा तुम्हाला हवं असेल तर पाट्यांसोबतच गुंडाळून पाठवते, त्याचे पैसे नकोत.