पुण्याला साडी का दिसत नाही: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार, तुमची प्रतिक्रिया एवढी मोठी आली की खाली दोन ओळीत उत्तर टाकलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता पोरगी टाळून राहिली, म्हणून इथे नीट सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी आधी सांगते काका काय म्हणाले ते. मागच्या लेखात मी ऑनलाइन विक्रीच्या लिस्टिंगमध्ये, म्हणजे मालाच्या पानावर, टायटल, कीवर्ड (गिऱ्हाईक शोधताना टाकतं ते शब्द), फोटो वगैरे कसं भरायचं ते लिहिलं होतं. काकांचं म्हणणं, एक तर हे सगळं थोतांड, ज्याने जाहिरातीला पैसे मोजले त्याचाच माल वर दिसतो. दुसरं, असे शब्द भरून गिऱ्हाईक ओढणं म्हणजे सरळ फसवणूक, माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं, आपल्या इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या जुन्या दुकानदारांना कुठे कीवर्ड लागले. आणि तिसरं म्हणजे सूनबाईंनी माझा लेख समोर ठेवून माहेश्वरी साड्यांचं सगळं तसंच्या तसं भरलं, तरी पुण्याला दिलेल्या तुमच्या मुलीला त्या साड्या शोधशोधून सापडत नाहीत.

तिसऱ्यापासूनच सुरू करते, कारण खरी मेख तिथे आहे.

सूनबाईंनी पूर्ण जीएसटी नंबर घेतलाय की नुसता एनरोलमेंट नंबर? तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, "जीएसटीची कटकट नको म्हणून नुसती नोंद करून सुरू केलं", ते वाचूनच माझ्या डोक्यात लाइट लागला. पूर्वी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी रजिस्ट्रेशन लागायचंच. 1 ऑक्टोबर 2023 पासून सूट मिळाली, वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन न करता, पोर्टलवर फक्त एनरोलमेंट नंबर काढून माल विकता येतो, घरून काम करणाऱ्या कितीतरी बायकांनी त्याच्यावरच धंदा सुरू केला. पण अट अशी आहे की माल आपल्याच राज्यात विकायचा, राज्याबाहेर नाही. म्हणजे सूनबाईंच्या साड्या भोपाळ, उज्जैन, जबलपूर, ग्वाल्हेरला जातील, पुण्याला नाही जाणार, आणि जिथे माल पोचवताच येत नाही तिथल्या पिनकोडवर प्लॅटफॉर्म तो कशाला दाखवेल! ताईंनी पुण्यात बसून कितीही शोधलं तरी दिसणार नाही. याचा टायटलशी काही संबंध नाही, जाहिरातीशी पण नाही.

आता इथे दोन रस्ते आहेत आणि ते सूनबाईंनीच ठरवायचे. पुण्या-मुंबईचं मराठी गिऱ्हाईक हवं असेल तर रजिस्ट्रेशन करून घ्या, रिटर्न भरायची कटकट येते, सीएचे पैसे जातात, ते धरून हिशोब करा. नाहीतर मध्य प्रदेशातच विकायचं, पण मग शब्द पण इथल्या गिऱ्हाइकाचे पाहिजेत ना! सूनबाईंच्या टायटलमध्ये "काठपदर" आहे, "हळदीकुंकू स्पेशल" आहे, पुण्याची बाई हे टाइप करेल, पण भोपाळची बँकेत नोकरी करणारी बाई "कॉटन सिल्क साडी ऑफिस वेअर" असंच काहीतरी टाकते. आपल्या रामबागेत, लोकमान्य नगरात मराठी गिऱ्हाईक आहे, नाही कशाला म्हणू, पण त्यातलं निम्मं गिऱ्हाईक ऑनलाइन शोधताना हिंदी नाहीतर इंग्रजीतच टाइप करतं, मी स्वतः पण तेच करते. आणि साडीची इंग्रजी स्पेलिंग, शेवटी डबल ई की नुसता आय, यावर माझ्याकडे मेसेज येतात, तर गुगल ट्रेंड्सवर दोन्ही टाकून प्रदेश भारत निवडा, फुकट आहे, दोन रेघांत कोण वर आहे ते डोळ्यांनीच दिसतं, मला विचारायची गरज नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर तुमचं अर्धं खरं आहे. स्पॉन्सर्ड लिहिलेला माल वर येतो, येतोच, त्यासाठीच लोक पैसे देतात. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची मीच सांगते. ॲमेझॉनवर कुणी कंपनीचा डबाबंद माल आणून विकत असेल, म्हणजे समजा एखाद्या ब्रँडचा मिक्सर, तर त्याची लिस्टिंग आधीपासून असते, नवा विक्रेता फक्त त्यात जाऊन बसतो, टायटल त्याच्या हातात नसतं, तिथे किंमत, डिलिव्हरीचा वेग, विक्रेत्याचं रेटिंग यावर कोणाचा माल पुढे येणार ते ठरतं. अशा लोकांनी कीवर्डवर डोकं फोडू नये, मी त्यांना तेच सांगते. पण सूनबाईंचा माल तसा नाही ना! महेश्वरच्या मागावरची साडी, एका डिझाइनच्या चार-दोन, तिची लिस्टिंग त्यांनी स्वतः बनवलेली, तिथे प्रत्येक शब्द त्यांचा आहे.

आणि जाहिरात केली तरी शब्दांपासून सुटका नाही बरं का. ऑटोमॅटिक जाहिरात लावली की कुठल्या सर्चवर दाखवायची ते प्लॅटफॉर्म तुमच्या लिस्टिंगमधली माहिती वाचूनच ठरवतो, लिस्टिंगमध्ये "सिल्क" एवढंच लिहिलं असेल तर कांजीवरम शोधणाऱ्या बाईला तुमची माहेश्वरी दाखवणार, ती क्लिक करणार, परत जाणार, आणि त्या क्लिकचे पैसे तुमच्या खिशातून. उलट मी सांगते थोडे दिवस अगदी छोट्या बजेटची जाहिरात लावा, मग सर्च टर्म रिपोर्ट उतरवून घ्या, गिऱ्हाइकाने खरोखर काय टाइप केलं होतं ते त्यात मिळतं, कोणत्या शब्दावर नुसतं बघून गेले आणि कोणत्यावर घेतलं ते पण, तेवढे शब्द उचला, लिस्टिंगमध्ये घाला, जाहिरात बंद. बाकी वर-खाली लावायचे निकष काय हे जाणून घ्यायचा हक्क ग्राहकाला कायद्याने आहे, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की प्लॅटफॉर्मने रँकिंगचे मुख्य निकष सोप्या भाषेत जाहीर करायचे. किती जण ती पानं उघडून बघतात हा प्रश्न वेगळा.

आता फसवणूक. हे मला लागलं, खरं सांगते, कारण मी ज्याच्या मागे लागते ते बरोबर उलटं आहे.

एम. टी. क्लॉथ मार्केटचं उदाहरण तुम्हीच दिलं. तिथल्या दुकानदाराला कीवर्ड लागत नाही कारण तो ज्या गल्लीत बसलाय ती गल्लीच त्याचा कीवर्ड आहे, तिकडे वळणाऱ्याला कापडच हवं असतं, सोनं घ्यायचं असतं तो सराफ्यात जातो आणि रात्री गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला पण तिथेच जातो. ऑनलाइन अशी गल्ली नसते, ती गिऱ्हाईक स्वतः बनवतं, डाव्या हाताच्या फिल्टरवर टिक करून करून. कापड: कॉटन सिल्क, रंग: निळा, प्रसंग: कॅज्युअल. आणि इथेच आपले लोक मार खातात काका, टायटलवर रात्र रात्र जागतील आणि खाली ॲट्रिब्यूटचे, म्हणजे कापड, रंग वगैरे माहितीचे, रकाने रिकामे सोडतील, नाहीतर जे सुचलं ते भरतील. रकाना रिकामा म्हणजे गिऱ्हाइकाने त्या फिल्टरवर बोट ठेवलं की तुमची साडी यादीतून गायब. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सूनबाईंनी रंगाच्या रकान्यात "मोरपंखी" लिहिलंय. सुंदर शब्द आहे, पण फिल्टरमध्ये मोरपंखी नावाचा खोका नाहीये! तिथे यादीतला जवळचा रंग निवडायचा, निळा किंवा हिरवा, डोळ्याला जास्त जो दिसतो तो, आणि मोरपंखी, आमसुली, अंजिरी हे सगळं वर्णनात लिहायचं, तिथे ते शोभतं पण आणि शोधणाऱ्याला सापडतं पण.

कापडाच्या रकान्यात तर मी अक्षरशः भांडते. आपल्याकडे सुरतेहून आलेल्या साडीवर सप्लायर लिहून पाठवतो "आर्ट सिल्क", पुढे विकणारी बाई तेच "सिल्क" म्हणून चढवते, तिला वाटतं आर्ट म्हणजे काहीतरी कलाकुसर असेल. ते आर्टिफिशियलचं आर्ट आहे, रेशमाचा धागा पण नसतो त्यात. मग सिल्क शोधणारी बाई येते, घेते, हातात आल्या आल्या ओळखते, रिटर्न, एक तारा, फोटोसकट शिव्या. तसंच "हँडलूम". पॉवरलूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, साडीला हँडलूम लिहिलं की सर्चमध्ये येते, येते हो, पण माहेश्वरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे, ते नाव वाटेल त्या कापडाला लावता येत नाही, आणि दुसऱ्या ब्रँडचं नाव टायटलमध्ये घुसवणं, "फर्स्ट कॉपी" म्हणून विकणं हा तर सरळ ट्रेडमार्कचा गुन्हा. अशा कामाला कुणी आलं तर मी घेत नाही.

शब्द भरभरून ओतायचे दिवस तसेही गेले. गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं होतं की वेबसाइटच्या पोटात लपवलेला कीवर्डचा टॅग ते रँकिंगसाठी बघत नाहीत, तरी आजसुद्धा त्याचे पैसे घेणारे लोक मला भेटतात. ॲमेझॉनने जानेवारी 2025 पासून बहुतेक सगळ्या मालाला टायटल 200 अक्षरांच्या आत आणि एकच शब्द दोनपेक्षा जास्त वेळा नाही असा नियम लावला, म्हणजे "साडी साडी साडी लेटेस्ट साडी" वाले गेले घरी. मागचे, गिऱ्हाइकाला न दिसणारे सर्च टर्म असतात त्यांची जागा तर आणखी कमी, दोनशे-अडीचशे बाइट, आणि यात एक गंमत आहे, हा हिशोब अक्षरांचा नाही बाइटचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये अक्षर किती जागा घेतं त्याचा, असतो. देवनागरीतला प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो, काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे "साडी" हे एवढंसं 12 बाइटचं होतं आणि इंग्रजीत तेच 5 मध्ये बसतं, "माहेश्वरी" तर 27. सूनबाईंनी तिथे सगळं मराठीत भरलंय, अर्धं बहुतेक जागेच्या बाहेरच गेलं असेल. देवनागरी वर्णनात ठेवा, इथे इंग्रजी लिपीतलेच शब्द, आणि जे टायटलमध्ये आलेत ते परत लिहू नका. "बेस्ट", "सेल", "न्यू" हे पण नको, चालत नाही.

मग टायटलमध्ये लिहायचं काय, तर जे आहे ते. माहेश्वरी, हातमाग, कॉटन सिल्क, रंग, ब्लाउज पीससह, बस. ब्लाउज पीस आहे की नाही हे नाही लिहिलं तर निम्मे प्रश्न तेवढेच येतात. लांबी खाली रकान्यात, साडेपाच मीटर साडी आणि ब्लाउजचं जेवढं असेल तेवढं वेगळं. आणि माहेश्वरीची जी खरी ओळख, दोन्ही बाजूंनी नेसता येणारी बुगडी किनार, ती सूनबाईंच्या लिस्टिंगमध्ये कुठेच नाहीये! ना शब्दात, ना फोटोत. जी ओळख तीच सांगायची राहून गेली. किनार उलटून दोन्ही बाजू दिसतील असा एक फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा. पहिला फोटो मात्र नियमाप्रमाणे, पांढरं बॅकग्राउंड, साडीने 85 टक्के चौकट भरलेली, वर काही लिहिलेलं नाही, लांब बाजू निदान हजार पिक्सेल, तरच झूम होतो, आणि साडी घेणारी बाई झूम केल्याशिवाय पैसे देत नाही हे तुम्हाला काकूंना बघून माहीतच असेल.

"माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं" यावर एवढंच म्हणते की महेश्वरच्या विणकराचा माल वाईट कधी होता हो? माल चांगलाच आहे, तो काय आहे हे रकान्यात कुणी लिहीत नाही म्हणून सिल्क लिहिलेलं पॉलिस्टर त्याच्या वर दिसतं. तुम्ही ज्याला फसवणूक म्हणताय ती आहे, भरपूर आहे, पण ती खरं लिहिणाऱ्याने गप्प बसून कमी होणार नाही.

सूनबाईंना सांगा आधी जीएसटीचं काय ते ठरवा, कारण त्यावर गिऱ्हाईक कुठलं ते ठरणार आणि त्यावर शब्द. तोपर्यंत रंग आणि कापड हे दोन रकाने आजच दुरुस्त करता येतील, त्याला काही वाट बघायला नको. आणि स्टॉक संपलेल्या त्या दोन साड्या तशाच चालू दिसतायत, ऑर्डर आली आणि रद्द करावी लागली तर खात्याच्या रेटिंगला फटका बसतो, त्या आधी बंद करायला सांगा. ताईंना साडी हवीच असेल तर सध्या कुरिअरने पाठवून द्या काका, घरच्या घरी!