"आधी पोट, मग शिसं" असं म्हणणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय, मला एका दिवसात चार जणांनी पाठवला आणि त्यातले दोघं तर चांगले शिकलेसवरलेले, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: शिसं आणि पारा यांचा बाऊ ही श्रीमंत देशांतल्या रिकामटेकड्या संस्थांची फॅशन आहे, शिशाचं पेट्रोल केव्हाच बंद झालंय, गरीब देशातली पोरं धुळीत लोळून ठणठणीत वाढतात, त्यांना आधी पोटभर जेवण द्या, देश श्रीमंत झाला की साफसफाई आपोआप होते, असल्या गोष्टींना पैसा कुठून आणायचा, उलट बंदी आणली तर सोनं धुणाऱ्या गरिबाच्या पोटावर पाय येतो, आणि कुणाला बाधलंच तर औषध आहे की.

एकेक घेतो.

"शिशाचं पेट्रोल बंद झालं, विषय संपला."

बंद झालं हे खरंय. अल्जीरियात जुलै २०२१ मधे ते थांबलं आणि जगात कुठेच गाड्यांना मिळेनासं झालं, मोठी गोष्ट आहे, मान्य. पण आज जेवढं शिसं वापरलं जातं त्यातलं साधारण ८५ टक्के बॅटऱ्यांत जातं आणि बॅटरी काही वर्षांत मरते. मग ती जाते कुठे? नीट कारखान्यात गेली तर फार प्रश्न नाही, शिसं कितीही वेळा वितळवून वापरता येतं. पण गरीब वस्तीत ती जाते कुणाच्यातरी घरामागे. कुऱ्हाडीनं खोकं फोडायचं, ॲसिड तिथंच मातीत ओतायचं, आतल्या प्लेटा उपसून उघड्या जाळावर कढईत टाकायच्या, वर आलेली मळी काढून बाजूला फेकायची. काम करणारा त्याच कपड्यांत घरात येतो आणि पोराला कडेवर घेतो. पोर जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं. झालं, विष अंगात जायला याहून जास्त काही लागत नाही.

सेनेगलमधे डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथं वर्षानुवर्षं बॅटऱ्या फोडायचे, मग शिशाचा भाव चढला तसे लोक ती मातीच खणून चाळायला लागले, पोत्यांत भरून घरात आणून ठेवायला लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्यात १८ लहान मुलं गेली. पेट्रोलचा यात काही संबंध नव्हता.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ (प्रदूषणावर काम करणारी संस्था) यांनी २०२० मधे हिशोब मांडला तेव्हा जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला (म्हणजे १०० मिलीलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं, आणि यातली बहुतेक गरीब किंवा मध्यम देशांतली.

"पोरं ठणठणीत दिसतात, आम्हीपण तसेच वाढलो."

५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती हे आधी बघू, कारण आकडा ऐकून काहीच वाटत नाही. तीन वर्षांच्या पोराच्या अंगात रक्त असतं लिटर-सव्वा लिटर. त्या सगळ्या रक्तातलं शिसं एकत्र केलं तर ५०-६० मायक्रोग्रॅम होईल, बारीक मिठाचा एक कण असतो ना, साधारण तेवढं वजन. (हे फक्त रक्तातलं, हाडांत साठतं ते वेगळं आणि ते तिथं वर्षानुवर्षं राहतं, मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतून सुटून तिच्या बाळापर्यंत जातं.) एवढ्याशानं पोर आजारी दिसत नाही, ताप नाही, पुरळ नाही, ते फक्त शाळेत थोडं मागे पडतं, एका जागी बसत नाही, पटकन चिडतं, आणि आपण म्हणतो याचं अभ्यासात लक्षच नाही. बुद्ध्यांकातली घसरण तर पहिल्या काही मायक्रोग्रॅममधेच सगळ्यात जास्त असते, पुढे वेग कमी होतो. म्हणून अमेरिकेत काळजी करायची रेषा १९६० च्या दशकात डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम होती ती १९९१ ला १० वर, २०१२ ला ५ वर आणि २०२१ ला ३.५ वर आणली. जागतिक आरोग्य संघटना तर सरळ म्हणते की सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही.

"आम्हाला काय झालं?" याला उत्तर एवढंच की तुमचं रक्त कुणी तपासलं होतं?

पाऱ्याचंही असंच फसवं आहे. जपानमधे मिनामाताच्या खाडीत कारखान्याचा पारा गेला, माशांत साठला, लोकांनी मासे खाल्ले. काही बायकांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची मुलं जन्मतःच मेंदूला इजा झालेली निघाली, कारण पारा नाळेतून आरामात पार होतो. आई ठणठणीत होती, अगदी फॉरवर्डमधल्यासारखी.

"आधी पोटभर जेवण द्या, शिशाचं नंतर बघू."

माझा सगळ्यात जास्त राग या मुद्द्यावर आहे कारण ऐकायला तो माणुसकीचा वाटतो. गंमत अशी (गंमत कसली) की शिसं शरीरात शिरतं तेच भुकेच्या वाटेनं. आतड्याला शिसं वेगळं ओळखता येत नाही, कॅल्शियम आणि लोह आत घेण्याचे जे रस्ते आहेत त्यातूनच ते आत घुसतं. पोरात लोह कमी असेल, कॅल्शियम कमी असेल तर शरीर ते रस्ते आणखी उघडतं आणि शिसं आणखी ओढून घेतं, रिकाम्या पोटी तर भरल्या पोटापेक्षा कितीतरी जास्त. लहान मुलं तशीही मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषतात. म्हणजे एकाच अंगणात खेळणाऱ्या दोन पोरांपैकी उपाशी असलेल्याला जास्त बाधणार. तेव्हा पोट आणि शिसं हे एकाच्या मागे एक लावायचे दोन नंबर नाहीतच, जेवणावर खर्च करा, जरूर करा, त्यानं शिसंही थोडं कमी शोषलं जाईल, पण अंगणातली माती तशीच ठेवून नाही.

शाळेचंही तेच. सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंटच्या अभ्यासकांचा २०२३ चा अंदाज आहे की श्रीमंत आणि गरीब देशांतल्या मुलांच्या शिकण्यात जी तफावत दिसते तिचा जवळपास पाचवा भाग शिशामुळे असू शकतो. आपण वर्ग बांधतो, पुस्तकं वाटतो आणि इकडे भट्टी चालूच.

"देश श्रीमंत झाला की आपोआप साफ होतं."

आपोआप? मिनामाताचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मधे, कारखान्यानं पारा सोडणं थांबवलं १९६८ मधे, आणि जपान त्या बारा वर्षांत भराभर श्रीमंतच होत होता. उलट बाजूनं बघा, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या देशांनी २००१ मधे डाकारला बसून ठरवलं आणि २००६ उजाडेपर्यंत शिशाचं पेट्रोल काढून टाकलं. ते काय श्रीमंत झाले होते? आणि झांबियातलं काब्वे, तिथली शिशाची खाण १९०६ पासून चालली, १९९४ ला बंद पडली, पण शिसं काही कुजत नाही, विरत नाही, आजही तिथल्या मुलांच्या रक्तात सापडतं, ज्यांनी ती खाण चालू असताना कधी पाहिलीही नाही.

"एवढा पैसा कुठून आणायचा?"

बांगलादेशचं उदाहरण मला फार आवडतं. तिथं गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि आसपास ना भट्टी ना कारखाना. संशोधक शोधत शोधत पोचले हळदीपर्यंत. हळकुंड फिकं पडलं की पॉलिश करताना त्यावर लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) चोळायचे, पिवळंधमक दिसायला, हाच रंग फर्निचरला वापरतात. चोळणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते विष आहे हेही माहीत नव्हतं. २०१९ मधे तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं बाजारात धाड घातली, पिस्तुलासारखं एक यंत्र असतं, हळदीवर धरलं की शिसं सांगतं, दोन घाऊक व्यापाऱ्यांना जागच्या जागी दंड केला, टीव्हीवर दाखवलं, बाजारांत नोटिसा चिकटवल्या. २०१९ ला तपासलेल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ ला शून्य. यात धरण बांधावं लागलं नाही की कुणाचं कर्ज काढावं लागलं नाही. रंगांचंही तसंच, घराला लावायच्या पिवळ्या-लाल रंगात शिसं घालायची गरजच नाही, पर्यायी रंगद्रव्यं केव्हाची बाजारात आहेत, फिलिपाइन्सनं कंपन्यांना मुदत देऊन ते काढायला लावलंच की.

हां, बॅटऱ्यांची माती साफ करणं महाग आहे हे मी मान्य करतो. पण जगभरातून या कामासाठी येणारी मदत वर्षाला दीड कोटी डॉलरच्या आसपास असल्याचा अंदाज होता, एवढ्या ८० कोटी मुलांसाठी, म्हणजे दरडोई दोन सेंटसुद्धा नाही. सप्टेंबर २०२४ मधे युनिसेफ आणि यूएसएआयडीनं (अमेरिकी सरकारची परदेशांना मदत देणारी संस्था) मिळून १५ कोटी डॉलरची आघाडी जाहीर केली होती आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं ती यूएसएआयडीच गुंडाळली. त्यामुळे "श्रीमंतांची फॅशन" वगैरे वाचून हसू येतं.

"पाऱ्यावर बंदी म्हणजे सोनं धुणाऱ्या गरिबाच्या पोटावर पाय."

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. हातानं सोनं काढणाऱ्यांना नुसतं "बंद" म्हटलं तर ते काम रात्री आणि घरात शिरतं, आणि घरात म्हणजे मुलांजवळ. पण ज्या मिनामाता कराराच्या नावानं ही ओरड चाललीय (पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, २०१३ चा, अमलात २०१७ पासून) त्यानं छोट्या खाणींत पारा सरसकट बंद केलेलाच नाही, कुणी वाचलाय का तो? तो म्हणतो की सगळ्या खनिजात पारा ओतू नका, पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळू नका, वस्तीत तर नकोच, आणि मुलं व बायकांना यापासून वाचवण्याचा आराखडा करा.

जाळतात कसं तर दगड कुटून दळायचा, ओल्या चुऱ्यात पारा हातानं कालवायचा, सोनं पाऱ्याला धरतं, मग फडक्यात घालून पिळायचं की सुपारीएवढा रुपेरी गोळा उरतो. तो तव्यावर ठेवून तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि पिवळा कण राहतो. हे कित्येक घरांत स्वयंपाकाच्याच चुलीवर होतं. वाफेला वास नाही, रंग नाही. रिटॉर्ट म्हणून झाकणाचं एक साधं भांडं मिळतं, वाफ नळीतून थंड होऊन पारा परत वाटीत पडतो, तो पुन्हा वापरता येतो, म्हणजे माणसाचे पैसेही वाचतात. फिलिपाइन्समधे बेंगेतच्या डोंगरात तर लोक पारा न घालता टाकणखारानं (बोरॅक्सनं) सोनं वितळवतात, आणि अगदी छोट्या प्रमाणावर. आता सांगा पोटावर पाय कुणाचा आला.

"बाधलंच तर औषध आहे."

शिसं बाहेर काढणारं औषध आहे, रक्तातलं प्रमाण फार चढलं तर त्यानं जीव वाचतो. पण अमेरिकेत मध्यम प्रमाण असलेल्या मुलांना ते देऊन पाहिलं, २००१ मधे निकाल आले, शिसं उतरलं आणि बुद्धीच्या चाचणीत काही फरक पडला नाही. गेलेलं परत येत नाही.

आणि औषध देऊन पोराला पाठवायचं कुठे? नायजेरियातल्या झाम्फारात २०१० मधे हेच झालं. तिथल्या सोन्याच्या दगडात शिसं भरपूर, लोक तो पीठ दळायच्या यंत्रांत दळायचे, धूळ घरभर. मुलांना झटके यायला लागले, आधी लोकांना मलेरिया वाटला, चारशेच्या वर मुलं गेली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचे लोक औषध घेऊन तयार होते, पण गावची माती काढल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत असं त्यांना ठरवावं लागलं, कारण पोर घरी गेलं की पुन्हा तीच धूळ. बागेगा गावाच्या मातीसाठीचे सरकारी पैसे सुटता सुटता २०१३ उजाडलं. तोवर औषध होतं, डॉक्टर होते, आणि मुलं त्याच धुळीत खेळत होती.