मॅकॉले जन्मायच्या आधीची शाळा

दर जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास तोच मेसेज फिरतो. यंदाही आला. सार असं: चर्चच्या शाळा ही मॅकॉलेची (भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा इंग्रज अधिकारी) पैदास, इंग्रजांनी त्या कारकून घडवायला काढल्या, मराठीचा गळा घोटायला त्या पहिल्या दिवसापासून इंग्रजीत चालवल्या, परदेशी पैशावर पोसल्या, धर्मांतर हा खरा धंदा, आणि कायदा यांना लागूच नाही. खाली हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

आधी मॅकॉले. मेसेजमधलं त्याचं भाषण म्हणे २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात झालं, ‘भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही’ वगैरे. त्या दिवशी हा गृहस्थ कलकत्त्यात होता. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण प्रसिद्ध आहे आणि त्यात हे वाक्य नाही. जे आहे ते पुरेसं अपमानकारक आहे: चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं तो लिहितो. खरी शिवी हाताशी असताना खोटी कशाला रचायची, कळत नाही. ते टिपण सरकारी शिक्षणनिधी संस्कृत-अरबीवर खर्चायचा की इंग्रजीवर, या वादाचं होतं. चर्चच्या शाळांशी त्याचा संबंध नाही.

आता तारखा लावून बघा. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं. त्या धर्मग्रामाची, म्हणजे त्या चर्चला जोडलेल्या वस्तीची, शाळा तिथल्या व्हिकारने (प्रमुख पाद्र्याने) १७८० मध्ये काढली. मॅकॉलेचा जन्म १८०० चा. साष्टीत, म्हणजे वांद्रे ज्या बेटावर आहे तिथे, इंग्रज येऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह व्हायला दोन वर्षं होती, आणि वांद्र्याचा पाद्री हुकूम घेत होता तो गोव्याच्या आर्चबिशपचा. इंग्रज सरकारला या मंडळींचा पुळका तर सोडाच, भरवसाही नव्हता. मुंबईतल्या पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना (एका कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांना) त्यांनी १७२० मध्ये हाकललं होतं. खुद्द इंग्लंडात कॅथलिक माणसाला पार्लमेंटात बसायची मुभा मिळाली १८२९ मध्ये. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या जर्मन जेझुइटांना (हाही एक कॅथलिक धर्मसंघ) याच सरकारने अटकेत ठेवलं आणि मग बोटीत बसवून मायदेशी धाडलं. आपल्याच कारखान्याच्या मुकादमांना कोणी असं वागवतं का?

इथे एक गल्लत निस्तरायला हवी, कारण मेसेज सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. जेझुइटांची किंवा सिस्टरांची मोठी नामांकित शाळा ही धर्मसंघाची असते. धर्मग्रामाची शाळा वेगळी. ती चर्चच्या आवारातच, बहुतेकदा दफनभूमीच्या भिंतीला लागून. रविवारी तिच्याच वर्गांत मुलांची धर्मशिक्षणाची शिकवणी, सणाला तिच्याच पटांगणात मांडव. मॅनेजर म्हणून सही करणार तो त्या गावचा फादर, आणि त्याची बदली झाली की पुढचा फादर. अशी शाळा लंडनहून आखली जात नाही. गावात पोरं किती आणि फादरला हौस किती, यावर ती चालते.

‘पहिल्या दिवसापासून इंग्रजी’ हा आरोप तर मला सगळ्यात कच्चा वाटतो. गोव्यात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून ‘इश्कोल’ चालत. तिथला मेश्त्री मुलांना प्रार्थना, अक्षरं आणि मुख्यतः संगीत शिकवी: आधी सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) गळ्यात बसवायचा, मग हातात व्हायोलिन. मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) गायक-वादक लागत, म्हणून ही तालीम. कारकून कमी निघाले, वादक मात्र पिढ्यान् पिढ्या निघाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चमधल्या गायकवृंदाच्या मेश्त्र्याचे चिरंजीव, आणि मुंबईत त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातल्या ऑर्केस्ट्रांत जे गोवेकर बसायचे, त्यांतल्या अनेकांचा पाया याच तालमीत घातलेला. मॅकॉलेला हे सांगितलं असतं तर तो बुचकळ्यात पडला असता.

गोव्यात भाषेचा गुन्हा घडलाच नाही, असं नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीवर बंदी घालणारा हुकूम काढला, आणि चर्चची यंत्रणा त्यात हात झटकून मोकळी होऊ शकत नाही. पण तो जुलूम पोर्तुगीजसाठी होता, इंग्रजीसाठी नव्हे. आणि त्याच्या आधीच, १६१६ मध्ये, गोव्यातल्या राशोलला ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. लिहिणारा थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. इंग्रजाने मराठीला मारल्याचं सांगणाऱ्यांनी निदान या एकाला तरी वगळावं.

वसईकडे या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर परदेशी संघांचे पाद्री गेले. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती मात्र आपापल्या वाड्यांतच राहिले. त्यांच्या धर्मग्रामांतून ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी मराठी माध्यमाच्या. पापडीची थॉमस बॅप्टिस्टा मराठी. नंदाखालच्या चर्चच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही त्यांच्या निवडीला विरोध झाला होता, आणि विरोधाचं कारण मराठी कच्चं असणं हे नव्हतं.

मग आज याच शाळांपुढे इंग्रजीच्या पाट्या कशा? याचं उत्तर गोव्यात उघड दिसतं. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना धोरण ठरलं की प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवं तर माध्यम कोकणी किंवा मराठी हवं. तेव्हा धर्मप्रांताने (आर्चबिशपच्या कारभाराने) आपल्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोकणीत आणल्या, तीही देवनागरीतली, जी घरोघरच्या रोमी (रोमन लिपीतली कोकणी) वाचणाऱ्या आईबापांना परकी. वीसेक वर्षं हे चाललं. मग पालकांचा रेटा वाढला, २०११ मध्ये सरकारने इंग्रजीलाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि शाळा परत फिरल्या. भाषाप्रेमी मंडळी भडकली, आणि माझ्या मते रास्त भडकली. पण क्रम पाहा: अनुदानाचा नियम बदलला की माध्यम बदललं. वसईतही मराठी वर्ग ओस पडले ते फादरने कुलूप लावलं म्हणून नव्हे. आपण, म्हणजे कॅथलिक आणि बिगर-कॅथलिक दोन्ही आईबाप, शेजारच्या इंग्रजी शाळेच्या रांगेत जाऊन उभे राहिलो म्हणून.

पैशाचं थोडक्यात. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाचं पत्र) खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत आली, धर्म न बघता, तपासणीच्या अटीवर. आज अनुदानित शाळेतल्या मास्तरांचा पगार राज्य सरकार देतं, मग शाळा चर्चची असो, रयतची असो की मदरशाच्या शेजारच्या उर्दू संस्थेची. इमारतीला रंग द्यायचा, बाकं घ्यायची, तर फनफेअर, लकी ड्रॉ आणि हाऊसी. रोमहून चेक येतो असं मानणाऱ्याने एकदा चर्चच्या आवारात पाच-पाच रुपयांची तिकिटं खपवणारी बाई बघून यावी. बाहेरच्या देणग्या आल्याच नाहीत असं नाही, पण रोजचा गाडा त्यावर चालत नाही.

धर्मांतराबद्दल तर आकडेच बोलतात. १९७१ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.६ टक्के, २०११ मध्ये २.३. महाराष्ट्रात ते एक टक्क्याच्याही आत. याच काळात या शाळांतून बिगर-ख्रिस्ती मुलांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या. वर्गात होतं काय, ते शिकलेल्या कुणालाही विचारा. एक तास असतो, घंटा झाली की कॅथलिक मुलं वह्या घेऊन दुसऱ्या खोलीत धर्मशिक्षणाला जातात, बाकीची तिथेच ‘मॉरल सायन्स’ला थांबतात आणि बाई फळ्याकडे वळल्या की बेंचखाली फुल्ली-गोळा खेळतात. शिवाय मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीविना मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८व्या कलमातच लिहिलंय.

राहिली शेवटची ओळ, कायद्याची. ‘लागूच नाही’ ही अतिशयोक्ती, पण त्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला मला अडचण नाही. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा गरीब मुलांना द्यायचं बंधन या शाळांवर नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना सूट दिली, २०१४ च्या प्रमती खटल्यातल्या त्याच न्यायालयाच्या निकालाने अनुदानितांनाही. ज्या शाळा कोळ्याच्या आणि बागायतदाराच्या पोरांसाठी निघाल्या, त्यांनी वस्तीतल्या मोलकरणीच्या मुलाला दारात अडवायला घटनेचं ३०वं कलम (अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क देणारं) पुढे करावं, हे मला पटत नाही. काही शाळा आपणहून अशी मुलं घेतात, पण हक्क म्हणून मागता येत नाही ती गोष्ट फादरच्या मर्जीवर राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीच प्रमतीबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे न्यावा असं म्हटलं. तिथे सूट मागे घ्या म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी सही करीन. आणि ती सूट सगळ्याच अल्पसंख्याक संस्थांना आहे, नुसत्या चर्चच्या नाही, एवढं मेसेजवाल्यांनी दहा जणांना पाठवायच्या आधी जोडावं.